‘शनिवारी येतो’ म्हणण्याआधी

नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात असलेल्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयरब्येन गावात, तिथल्या हॉटेलात किचनचं काम मिळतंय, तर तिथून उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो किती लांब, विमानाला किती वेळ, आणि शनिवार-रविवार दादाकडे, म्हणजे माझ्याकडे, येता येईल का, असं तू कळव्याहून विचारलंयस. मी लाँगयरब्येनला दोन हिवाळे काढून आता ट्रोम्सोत राहतोय, म्हणून जरा सविस्तर.

अंतर सरळ रेषेत सुमारे 960 किमी. थेट विमानाला साधारण पावणेदोन तास, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच. ऑस्लोहून गेलास तर 2,000 किमी आणि तीनेक तास. मध्ये सगळा समुद्र, त्यामुळे विमान चुकलं तर रात्रीची एसटी वगैरे काही नाही.

पण खरी मेख तासांत नाही, व्हिसात आहे. स्वालबार्डला राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही हे तू ऐकलंयस ते खरं. 1920 च्या कराराने ती बेटं नॉर्वेची झाली, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, ती येत नाहीत. आणि तिथे जायचं तर नॉर्वेतूनच जावं लागतं. म्हणजे जाताना शेंगेनमधून बाहेर पडलास, आणि माझ्याकडे यायला निघालास की पुन्हा आत शिरलास. ट्रोम्सोला पासपोर्ट तपासतात. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो जातानाच संपला. आई आजारी पडली म्हणून ठाण्याला यायचं झालं तरी हाच पेच. त्यामुळे निदान दोन प्रवेशांचा व्हिसा माग, आणि त्याची मुदत कधी संपते ते पाहून ठेव. तिथे काढलेली वर्षं नॉर्वेच्या कायम वास्तव्यासाठी धरत नाहीत, हेही आत्ताच ऐकून ठेव.

वेळापत्रकातल्या पावणेदोन तासांवर फार विसंबू नकोस. माझ्या पहिल्याच फेरीत विमान लाँगयरब्येनवर घिरट्या घालत राहिलं, खाली नुसतं धुकं, आणि तसंच माघारी फिरलं. जवळजवळ चार तास आकाशात काढून मी पुन्हा ट्रोम्सोतच! दुसऱ्या दिवशी पोचलो, पण बॅग आली चार दिवसांनी. आईने दिलेली भाजणी आणि मेतकूट त्यात, आणि जाड मोजेही त्यातच. थर्मल, औषधं, कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेव. पुढचं विमान त्याच दिवशी धरू नकोस, ट्रोम्सोत एक रात्र माझ्याकडे थांब.

थंडीचं तुला सगळेच सांगतील. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, त्याची सवय होते. अस्वलं असतात म्हणून गावाबाहेर एकट्याने जायचं नाही. घराचं मात्र पक्कं कर. तिथली घरं बहुतेक नोकरीबरोबरच मिळतात, बाहेर भाड्याने शोधत बसलास तर हाल होतील. खोली देणार की नाही, आणि नोकरी सुटली तर किती दिवसांत रिकामी करायची, हे पत्रात लिहून घे. पत्र आलं की सही करण्याआधी मला पाठव.