वाचकांचे प्रश्न : बंदीमागचे खरे कारण

प्रश्न : प्रौढांनी स्वेच्छेने तयार केलेला लैंगिक मजकूर अनेक देशांत कायद्याने गुन्हा नाही. तरीही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या तो आपल्या मंचांवरून काढून टाकतात. यामागे नीतिमत्ता आहे की व्यवहार?
– एक वाचक

उत्तर : बव्हंशी व्यवहार; परंतु त्या व्यवहाराच्या मुळाशी एक खरी आणि गंभीर अडचण आहे, ती नजरेआड करता येत नाही.

आधी व्यवहाराचे पाहू. नोव्हेंबर २०१८ मध्ये टम्बलर या ब्लॉगिंग मंचावर बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आढळल्यामुळे ॲपलने त्याचे ॲप आपल्या स्टोअरमधून हटवले आणि १७ डिसेंबरपासून टम्बलरने प्रौढांसाठीच्या मजकुरावर जवळजवळ सरसकट बंदी लागू केली. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्स या पैसे भरून मजकूर पाहण्याच्या मंचाने अशीच बंदी जाहीर केली आणि बँकांच्या दबावाचे कारण दिले. मजकूर निर्माण करणाऱ्यांनी विरोध केल्यावर काही दिवसांतच ती मागेही घेतली. ॲप स्टोअर आणि पैशांची देवघेव ज्यांच्या हाती आहे, त्यांचा शब्द अशा वेळी कंपनीच्या स्वतःच्या धोरणापेक्षा भारी ठरतो. जाहिरातदारांनाही आपले नाव अशा मजकुराशेजारी झळकलेले नको असते, हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ अडचण. चित्रातील व्यक्ती सज्ञान आहे का, चित्रीकरणाला आणि ते प्रसिद्ध करायला तिने संमती दिली होती का, हे चित्राकडे पाहून कळत नाही. माणसाला कळत नाही, मग यंत्राला कुठून कळणार? २००९ मध्ये विकसित झालेले फोटोडीएनए हे तंत्र प्रत्येक चित्राची एक सांकेतिक खूण तयार करते आणि पूर्वी नोंदवलेल्या शोषणाच्या चित्रांच्या खुणांशी ती ताडून पाहते. आकार थोडा बदलला तरी जुने चित्र त्याला सापडते, पण काल रात्री एखाद्या मुलीच्या नकळत काढलेले चित्र त्या यादीत नसतेच. ते पसरले की तिच्या आयुष्याची जी हानी होते, ती नंतर मजकूर काढून भरून येत नाही. म्हणूनच मास्टरकार्ड या कार्ड कंपनीने २०२१ मध्ये असा मजकूर विकणाऱ्या संकेतस्थळांसाठी लागू केलेली अट मला योग्य वाटते : चित्रात दिसणाऱ्या आणि ते चढवणाऱ्या व्यक्तींचे वय व ओळख यांची कागदोपत्री खातरजमा झाली पाहिजे आणि बेकायदा किंवा संमतीविना टाकलेल्या मजकुराच्या तक्रारींचा निपटारा सात कामकाजाच्या दिवसांत झाला पाहिजे.

अशी पडताळणी खर्चाची आणि वेळखाऊ असते, म्हणून अनेक कंपन्या सरसकट बंदीची सोपी वाट धरतात, आणि तिथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. २०२० मध्ये ब्राझीलमधील एका वापरकर्त्याने स्तनाच्या कर्करोगाची लक्षणे दाखवणारी छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकली होती. आरोग्यविषयक जागृतीसाठी अशा छायाचित्रांना नियमांत स्पष्ट मुभा असूनही स्वयंचलित यंत्रणेने ती काढून टाकली. कंपनीने पुढे ती परत ठेवली. तरीही कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये मूळ निर्णय चुकीचा ठरवला आणि यंत्राने मजकूर काढला असेल तर वापरकर्त्याला तसे कळवावे, काही प्रकरणांत माणसाकडे दाद मागण्याची सोय द्यावी, अशी शिफारस केली. संमतीची खातरजमा कडक आणि यंत्राच्या निकालावर माणसाकडे अपील, या दोन्ही गोष्टींवर कंपन्यांनी खर्च करायलाच हवा. तो टाळून घातलेल्या बंदीला सुरक्षितता म्हणणे मला मान्य नाही.