नवोदयसाठी गावाकडं येताय? आधी तिसरीचं बघा

ताई, पोराच्या नवोदयसाठी (केंद्र सरकारची जवाहर नवोदय विद्यालय शाळा) बेळगाव सोडून चिकोडी तालुक्यात यायचं म्हणताय, चांगलंच आहे. पण कोथळीत, जिथं बेळगाव जिल्ह्याचं नवोदय आहे, शाळेजवळच खोली पाहिजे, हा हट्ट सोडा. शाळा निवासी आहे. सहावीला निवड झाली की पोरगं हॉस्टेलवर.

खरी मेख दाखल्यात आहे. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. त्यात बसायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत पूर्ण व्हायला हवीत. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला, तरी पोर शहरी धरतात. निपाणी, चिकोडी ही नगरपालिकेची गावं. तिथं नाव घालून बरेच जण फसतात, आणि पाचवीत पळापळ करणाऱ्यांची भिस्त मग उरलेल्या जागांवर.

आणखी दोन गोष्टी:

- पाचवी बेळगाव जिल्ह्यातच हवी. कागलचं नवोदय निपाणीहून जवळ, पण ते कोल्हापूर जिल्ह्याचं.
- सहावीच्या प्रवेशाची निवड परीक्षा एकदाच देता येते. 100 पैकी 50 गुण बुद्धिमत्तेला, तेव्हा आकृत्यांचे प्रश्न रोज थोडे सोडवून घ्या.

क्लासचं नंतर बघू, घाई नाही. कन्नड मात्र आत्तापासून कानावर पडू दे.