‘शाळा जबाबदार नाही’ या कागदाचे वजन किती?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात पाचव्या वर्गात शिकते. शाळेने नेमलेल्या कंत्राटदाराच्या मिनी बसने ती ये-जा करत असे. मानेवाडा रिंग रोडलगतच्या आमच्या थांब्यावर उतरून ती बसच्या पुढून रस्ता ओलांडत असताना चालकाने बस पुढे घेतली आणि तिच्या उजव्या पायावरून चाक गेले. मुलांना उतरवून घेणाऱ्या बसमधल्या ताई त्या दिवशी रजेवर होत्या. पायाचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि अजूनही ती वॉकर घेऊन चालते. शाळेचे म्हणणे असे की, बस कंत्राटदाराची आहे आणि ‘वाहतुकीदरम्यानच्या अपघातास शाळा जबाबदार राहणार नाही’ या कागदावर प्रवेशाच्या वेळी आम्ही सही केली आहे. कंत्राटदार पन्नास हजार रुपये देऊन समझोत्यावर सही मागतो आहे. अपघाताला चार महिने होत आले. आम्ही काय करावे? — एक पालक, नागपूर

उत्तर : सर्वप्रथम मुदतीविषयी लिहितो, कारण आपल्या बाबतीत तीच सर्वांत निकडीची गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातील १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, कलम १६६ खालील नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दाखल करायचा असतो. पोलिसांनीही अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवणे अपेक्षित असते आणि तो अहवाल अर्ज म्हणून धरता येतो. पण तो गेला असेलच या भरवशावर राहू नका. शाळेशी व कंत्राटदाराशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही, हे अनेक पालकांना फार उशिरा कळते. अपघात नागपुरात झाला आणि आपण राहताही नागपुरात, त्यामुळे दावा इथेच, मुलीच्या नावाने आणि आई किंवा वडिलांमार्फत दाखल होईल.

पन्नास हजारांच्या कागदावर सही करू नका. दोन शस्त्रक्रियांनंतरही ज्या मुलीला आधाराशिवाय चालता येत नाही, तिच्या पायाचे पुढे काय होणार हे आज डॉक्टरांनाही निश्चित सांगता येणार नाही. अशा वेळी पूर्ण व अंतिम समझोता करणे म्हणजे तिच्या हक्कावर पाणी सोडणे होय. दावा दाखल झाल्यावर अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाच्या वतीने तडजोड करायची तर तीसुद्धा न्यायाधिकरणाच्या परवानगीनेच व्हावी लागते, आणि ही तरतूद मुलांच्या हितासाठीच आहे.

आता शाळेच्या कागदाविषयी. आपण सही केली ती पालक म्हणून. पण जखमी झालेली मुलगी आहे आणि भरपाईचा हक्क तिचा आहे. कायद्याने मुलाला दिलेला हक्क प्रवेश अर्जातील एका छापील ओळीने संपत नाही, आणि सार्वजनिक धोरणाशी विसंगत करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुळातच टिकत नाही. त्यामुळे या सहीची धास्ती बाळगू नये.

मात्र कागद निरुपयोगी ठरला म्हणून शाळा आपोआप जबाबदार ठरत नाही. चालकाचा निष्काळजीपणा, त्यापोटी बसमालकाची जबाबदारी आणि मालकाच्या वतीने विमा कंपनीची जबाबदारी ही साखळी सरळ आहे. चालकाचा परवाना सदोष निघाला तरी कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात दाखवून दिला आहे. शाळेच्या बाबतीत प्रश्न ताब्याचा येतो. राजस्थानच्या परिवहन महामंडळाने भाड्याने घेतलेल्या बसच्या अपघातात १९९७ साली त्याच न्यायालयाने ठरवले की, नोंदणी पुस्तकात नाव कोणाचेही असो, अपघाताच्या वेळी बसवर व चालकावर ज्याचा प्रत्यक्ष हुकूम चालत होता, त्यालाही हात झटकता येत नाहीत. म्हणून बसचे शुल्क कोणाच्या नावाच्या पावतीवर भरले, थांबे व वेळा कोणी ठरवल्या, बसच्या अंगावर नाव कोणाचे होते आणि बस उशिरा येणार असल्याचे संदेश कोणाकडून येत, याचे पुरावे आजच गोळा करा. व्हॉट्सॲप गटातील जुने संदेश पुसू नका.

दुसरा धागा त्या रजेवरच्या ताईंचा आहे आणि माझ्या मते तोच अधिक बळकट आहे. दिल्लीत वजिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून मुले दगावली, त्यानंतर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बसमध्ये मदतनीस असलाच पाहिजे असा निर्देश दिला. महाराष्ट्राच्या स्कूल बसविषयक २०११ च्या नियमांतही ही अट आहे आणि त्याच नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमण्याचे बंधन घातले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या विषयाची स्वतःहून दखल घेतलेली आहे. समितीच्या बैठकांचे इतिवृत्त आणि कंत्राटदाराशी झालेल्या कराराची प्रत शाळेकडे लेखी मागा. मदतनीस नसताना बस सोडली कोणी, याचे उत्तर शाळेलाही द्यावे लागेल. दाव्यात चालक, मालक, विमा कंपनी आणि शाळा या सर्वांना पक्षकार करा.

‘मुलगीच न बघता पुढून गेली’ असा बचाव घेतला जाईल, पण इतक्या लहान मुलाच्या माथी निष्काळजीपणा मारायला न्यायालये सहसा तयार होत नाहीत. शिवाय बस हलवण्यापूर्वी उतरलेले प्रत्येक मूल नजरेसमोर सुरक्षित आहे ना, हे पाहणे चालकाचे काम आहे.

भरपाईची रक्कम केवळ दवाखान्याच्या बिलांवर ठरत नाही. काजल या बारा वर्षांच्या मुलीला पूर्ण अपंगत्व आले होते, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कुशल कामगाराच्या किमान वेतनावर तिचे भावी उत्पन्न मोजले, सोबतीच्या माणसांचा खर्च धरला आणि ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. आपल्या मुलीची इजा तेवढी नाही, परंतु मोजण्याची रीत उपयोगी पडेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. मात्र ती रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो, म्हणून वकिलाच्या सल्ल्याशिवाय होकार देऊ नका.

गुन्हा नोंदला नसेल तर तातडीने नोंदवा. भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) व १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात आणणे) येथे लागू होतात. फौजदारी खटला वेगळा चालतो आणि त्यात चालक सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते.

प्रश्न : आम्ही चार पालकांनी मिळून एक व्हॅन ठरवली आहे. व्हॅनवाले काका भले माणूस आहेत, पण गाडीची पाटी पांढरी आहे. अपघात झालाच तर शाळेला विचारता येईल का? — एक वाचक, हिंगणा

उत्तर : व्हॅन पालकांनी परस्पर ठरवली असेल, तर शाळेवर जबाबदारी टाकणे कठीण आहे. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी नोंदलेली असते. तिच्यातून पैसे घेऊन मुले नेणे हा परवान्याचा व विम्याच्या अटींचाही भंग आहे, आणि विमा कंपनी हाच मुद्दा सर्वांत आधी पुढे करते. तिचे म्हणणे ग्राह्य धरले गेले, तर भरपाईसाठी काकांच्या मालमत्तेखेरीज काही उरत नाही आणि त्यांचे घरही त्यात सापडते. चौघांनी मिळून त्यांना आरटीओकडून गाडीची शालेय वाहतुकीसाठी नोंदणी व परवाना करून घेण्यास सांगा आणि प्रवासी मुलांना संरक्षण देणारी विमा पॉलिसी स्वतः वाचून पाहा. ते होईपर्यंत मुलांना दुसऱ्या वाहनाने पाठवा.