जुन्या आणि स्मरणार्थ काढलेल्या दुर्मिळ घड्याळांत शौकिनांना नेमके काय दिसते?

आपण विचारले आहे की, खिशातला मोबाईल बिनचूक वेळ दाखवत असताना साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घड्याळासाठी लोक एवढे पैसे का मोजतात, आणि कंपन्या एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ मोजक्या संख्येने जी घड्याळे काढतात, ती खरोखर त्या मोलाची असतात का. मी बरीच वर्षे या छंदात रमलो आहे आणि माझे मत ठाम आहे. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, मागे अनुक्रमांक कोरला म्हणून घड्याळ दुर्मिळ होत नाही. ज्या प्रसंगाचे स्मरण केले जाते त्याच्याशी त्या घड्याळाचा घड्याळ म्हणून काही संबंध होता का आणि आज ते मूळ रूपात किती शिल्लक आहे, या दोन गोष्टींवर त्याचे खरे मोल ठरते.

स्मरणार्थ काढलेल्या घड्याळांत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो ओमेगा या स्विस कंपनीने 1948 साली आपल्या शताब्दीनिमित्त काढलेल्या सोन्याच्या घड्याळाबद्दल. त्या कंपनीने केवळ जुन्या घड्याळावर नवे नाव छापले नाही, तर अचूकतेचे प्रमाणपत्र मिळवलेले स्वयंचलित यंत्र मर्यादित संख्येत बाजारात आणले, आणि त्याला मिळालेल्या प्रतिसादातूनच 1952 साली कॉन्स्टेलेशन ही कायमस्वरूपी मालिका सुरू झाली. या घड्याळातला रोटर, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून घड्याळाला आपोआप चावी देणारे वजन, आजच्यासारखा पूर्ण गोल फिरत नाही. तो दोन्ही टोकांच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटून मागे परततो आणि मनगट हलवले की तो हलकासा धक्का त्वचेला स्पष्ट जाणवतो. ज्याने तो एकदा अनुभवला आहे, त्याला हे यंत्र कोणत्या काळातले आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण ओमेगाच्याच 1969 सालच्या सोन्याच्या स्पीडमास्टर घड्याळाचे. अपोलो 11 मोहिमेत बझ ऑल्ड्रिन यांच्या हातात चंद्रावर जे घड्याळ होते ते पोलादी स्पीडमास्टर होते, आणि त्याला नासाने 1965 सालीच कठोर चाचण्यांनंतर मान्यता दिली होती. त्या यशाच्या स्मरणार्थ सोन्याची 1,014 घड्याळे बनवण्यात आली आणि त्यांतली काही ह्यूस्टनमधल्या मेजवानीत अंतराळवीरांना देण्यात आली. पहिल्या क्रमांकाचे घड्याळ राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी होते, परंतु एवढी मौल्यवान भेट पदावर असताना स्वीकारता येत नसल्याने त्यांनी ते परत केले. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ऑल्ड्रिन यांच्या घड्याळातले यंत्र 321 क्रमांकाचे होते, तर सोन्याच्या आवृत्तीत त्यानंतरचे 861 बसवलेले होते. शौकीन यावर तासन्‌तास बोलतात, पण त्यामुळे त्या आवृत्तीचा मान कमी करत नाहीत, कारण ती काढणाऱ्यांनी खरोखर चंद्रावर जाऊन आलेल्या घड्याळाचाच गौरव केला होता. याउलट, ज्या प्रसंगाशी घड्याळाचा काडीचाही संबंध नाही त्याचे बोधचिन्ह तबकडीवर छापून काढलेल्या आवृत्त्या मला पोकळ वाटतात, मग त्या केवळ पन्नासच का असेनात.

जुन्या घड्याळांच्या बाबतीत सगळी गंमत तबकडीत असते. भिंगाखाली मूळ तबकडी पाहिली तर अक्षरांच्या कडा रेखीव दिसतात, शाईला किंचित उठाव असतो आणि आकड्यांवरचा चमकणारा लेप काळानुसार पिवळसर झालेला असतो. काट्यांवरचा लेपही साधारण त्याच छटेचा असायला हवा. तबकडीवरचा लेप मधासारखा पिवळा आणि काट्यांवरचा पांढराशुभ्र असेल, तर कोणीतरी मध्ये हात घातला आहे असे समजावे. त्या काळी या लेपात वापरल्या जाणाऱ्या ट्रिशियम या किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य सुमारे 12 वर्षांचे असते, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो, त्यामुळे 1970 च्या सुमारास लावलेला लेप आज अंधारात जवळजवळ विझलेलाच असतो. तो रात्रभर लख्ख उजळत असेल तर तो नंतर लावलेला आहे. काही काळ्या तबकड्या ऊन आणि दमटपणामुळे तपकिरी पडतात. कारखान्याच्या दृष्टीने तो दोषच होता, पण तशी छटा दोन घड्याळांत सारखी येत नाही आणि शौकीन तिच्यासाठी जीव टाकतात.

म्हणूनच चकाकी आणण्यासाठी केलेले पॉलिश हे जुन्या घड्याळाचे सर्वांत मोठे नुकसान आहे. पट्टा जिथे जोडला जातो त्या लगांच्या कडा मुळात धारदार असतात. दोन-तीनदा पॉलिश झाले की त्या गोलसर होतात आणि झिजलेला धातू परत आणता येत नाही. ओरखडे असलेली पण जाड लगांची केस मी नेहमीच चकचकीत केसपेक्षा वरची मानतो.

किंमत चकाकीवर किंवा विशेष आवृत्तीच्या नावावर ठरत नाही, हे लिलावांतही दिसते. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे 1518 क्रमांकाचे घड्याळ 1941 साली आले; त्यात कायमस्वरूपी पंचांग (महिन्यांचे कमी-जास्त दिवस आणि लीप वर्ष स्वतः सांभाळणारी तारीख) आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) एकत्र आहेत. त्याचे बहुतेक नग सोन्याचे होते आणि पोलादी केवळ चारच माहीत आहेत; त्यांतला एक 2016 साली जिनिव्हात 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेला. म्हणजे स्वस्त धातू सोन्याहून महाग ठरला. अभिनेते पॉल न्यूमन यांचे स्वतःचे रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरला विकले गेले. त्याच्या मागे त्यांच्या पत्नीने ‘जपून गाडी चालवा’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. ती त्या काळी कोणतीही विशेष आवृत्ती नव्हती.

आपण पहिले जुने घड्याळ घेणार असाल, तर मागचे झाकण उघडून यंत्राचा क्रमांक आणि केसचा काळ जुळतो का, हे जाणकार घड्याळजीकडून तपासून घ्यावे. मात्र 1960 च्या आधीचे, चमकणाऱ्या आकड्यांचे घड्याळ घरी स्वतः उघडू नये, कारण त्या लेपात बहुधा रेडियम असते. त्याची चमक गेली तरी किरणोत्सार शेकडो वर्षे टिकतो आणि सुटलेली भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते.