लेथ घ्या, पण सिनियर सिटिझनचं खातं मोडून नको

प्रश्न: वय ६२. टूलरूममध्ये टर्नर होतो, दोन-अडीच वर्षांपूर्वी निवृत्त झालो. विक्रोळीला कन्नमवार नगरात तळमजल्यावर राहतो. साकीनाक्याचा एक ओळखीचा गाळा बंद होतोय, तिथली साडेचार फुटी जुनी किर्लोस्कर लेथ (धातू कातायचं यंत्र) ७५ हजारांना मिळतेय. दुरुस्तीला ६० हजार धरलेत. सिनियर सिटिझन स्कीममधल्या २४ लाखांतून दीड लाख काढावेत असा विचार आहे. जॉबवर्कचे महिन्याला आठ-दहा हजार सुटतील. शिवाय ३ लाखांची एफडी आणि बचत खात्यात १ लाख ४० हजार आहेत. घरखर्च जाऊन महिन्याला सहा हजार उरतात. पत्नीचा विरोध आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय, आणि आमची मेडिक्लेम पॉलिसी गेल्याच वर्षी घेतलेली आहे. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. काय करू?

उत्तर: लेथ घ्यावी असं माझं मत आहे, पण तुम्ही म्हणता त्या पैशातून नाही आणि दोन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय नाही.

आधी पैशाचा मार्ग बघू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होणार आहे. सिनियर सिटिझनच्या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही. मुदतीआधी पैसे हवे असतील तर अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं झाल्यानंतर आणि पाच वर्षांच्या आत खातं बंद केलं तर मुद्दलाचा १ टक्का कापला जातो. म्हणजे दीड लाखासाठी २४ लाखांवर कपात, थेट २४ हजार रुपये. लेथच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मशीन घरी यायच्या आधीच गेला! उरलेल्या पैशाचं नवं खातं उघडलं तर त्याला त्या वेळचा दर लागेल. सध्या तुम्हाला ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४९,२०० रुपये मिळतात आणि तो दर पाच वर्षं पक्का आहे. घर त्यावर चालतंय, त्याला हात लावू नका.

एफडीलाही नको. इथे मी पूर्णपणे वहिनींच्या बाजूने आहे. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला आणि ठरावीक ऑपरेशनांना जास्तीत जास्त ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. सांधेबदल बहुतेक पॉलिसींमध्ये त्या यादीत असतो. तुमचं जेमतेम वर्ष झालंय. ऑपरेशन त्याआधी करायची वेळ आली तर पैसे खिशातून जाणार, आणि तो खिसा म्हणजे हीच एफडी. पॉलिसीच्या कागदांत वेटिंग पिरियडचं पान काढा आणि ते वहिनींसोबत बसून वाचा. त्यांना लेथचा राग नसावा, गुडघ्याच्या पैशाची काळजी असावी असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

मग राहतं बचत खातं आणि दरमहा उरणारे सहा हजार. या कामाला हा पैसा चांगला जुळतो, कारण जुनी मशीन एका दमात दुरुस्त करायची गरजच नसते. बचत खात्यातून मशीनची किंमत आणि वाहतूक धरून ९० हजारांच्या आत बसवा. ७५ हजार हा मागितलेला भाव आहे. गाळा रिकामा करायची घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. पुढचं सगळं महिन्याच्या सहा हजारांतून. बेअरिंग, क्रॉस स्लाइडचं गनमेटल नट, बेल्ट, वायरिंग या क्रमाने आणि रंग सर्वात शेवटी. मजुरी तुमचीच, हा तुमचा मोठा फायदा आहे. दुसऱ्या कुणी हाच प्रश्न विचारला असता तर फिटरची मजुरी धरून मी सरळ नाही म्हटलं असतं.

तुमच्या ६० हजारांत मला काही खर्च दिसत नाहीत. साकीनाक्याहून विक्रोळीपर्यंत टेम्पो, चढवायला-उतरवायला क्रेन किंवा चेनपुली आणि माणसं. मोटर थ्री फेज असेल तर घरच्या सिंगल फेजवर चालवायला व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजचं थ्री फेज करून देणारं उपकरण. चक (काम पकडून फिरवणारा भाग), टूल पोस्ट, मायक्रोमीटर सोबत मिळणार नसतील तर नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात दोन फेऱ्यांतच बजेट हलेल. किर्लोस्करच्या हरिहरच्या कारखान्यातलं लेथचं उत्पादन कधीच थांबलंय, तेव्हा कंपनीचा स्पेअर मिळेल हे धरू नका. बुश तुम्ही स्वतः काढाल, पण तुटलेला गिअर बाहेरून कापून घ्यावा लागेल. म्हणून चेंज गिअरचा सेट पुरा आहे का, हे मोजूनच किंमत बोला.

आता त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे बेड, लेथचा लांब पाया. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी फक्त पैशाच्या बाजूने सांगतो. आखूड कामं चकजवळच होत असल्यामुळे बेड तिथे जास्त झिजतो. कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणून त्याची गिब, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, घट्ट करा आणि कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्या. तिकडे गेल्यावर जाम होत असेल तर झीज मोठी आहे. स्पिंडलचा खेळ, नटाचा बॅकलॅश, जुनी वायरिंग हे सगळं घरी सुधारता येतं. बेड मात्र ग्राइंडिंगला बाहेर न्यावा लागतो, मग सॅडल (कॅरेजचा बेडवर टेकणारा भाग) पुन्हा स्क्रेप करून, म्हणजे खरवडून, बसवावं लागतं. तो खर्च तुमच्या सहा हजारांत कधीच मावणार नाही. बेड गेला असेल तर भाव कितीही पाडून दिला तरी सोडून द्या.

दुसरी गोष्ट पुनर्विकास, आणि मला खरी चिंता याची आहे. आज तुम्ही तळमजल्यावर आहात. उद्या बिल्डरचं भाडं घेऊन कुठेतरी वरच्या मजल्यावर जाल, नंतर नव्या टॉवरमध्येही बहुधा वरच. रहिवासी मजल्याचं डिझाइन करताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. ही लेथ पाचसहाशे किलोंच्या खाली नसेल आणि ती उभी राहणार एक-दीड चौरस मीटरवर. वर नेता येणार नाही म्हणजे नाही. मग गाळ्याचं भाडं किंवा घाईत विक्री. सोसायटीच्या सेक्रेटरींना स्पष्ट विचारा, करार कुठपर्यंत आलाय. दोन वर्षांच्या आत घर रिकामं करायचं दिसत असेल तर ही लेथ घरी आणू नका. एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या गाळ्यात कोपरा मिळतोय का बघा, नाहीतर शंभर-सव्वाशे किलोंची बेंच लेथ शोधा. तीही वर नेण्याआधी इंजिनिअरला विचारा, पण तिच्याबाबत निदान विचारण्यात अर्थ आहे.

जॉबवर्कचे आठ-दहा हजार मी हिशेबात शून्य धरलेत. पंपाचा शाफ्ट, एखादं बुश अशी सुटी कामं येतील, तुमचा हात बघता आनंदाने येतील. पण घरगुती मीटरवर आणि सोसायटीच्या आवारात रोजचा धंदा चालवला तर वीजबिलाचा दर आणि शेजाऱ्यांची तक्रार हे दोन्ही प्रश्न उभे राहतील. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ आहे. उत्पन्न धरून खर्च करू नका, आलं तर ते दुरुस्तीच्या खात्यात टाका.

विकायची वेळ आलीच तर भंगारात बिडाच्या वजनाचा भाव तुमच्या हातात राहील. सौदा करताना तोच आकडा डोक्यात ठेवा, कारण त्यावर जे द्याल आणि दुरुस्तीत जे घालाल ते परत येईलच असं नाही. इतकी वर्षं हातात असलेलं काम तुम्हाला पुन्हा करायचंय, त्यासाठी हा खर्च मला रास्त वाटतो. आधी सेक्रेटरींना गाठा, मग झीज मोजायला डायल गेज घेऊन साकीनाक्याला जा. तोवर टोकन देऊ नका.