अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर ठिय्या देणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मार खाऊनही हात कसे उचलत नव्हते? सराव करायचे का?

हो, महिनोन्महिने. अहिंसेचं प्रशिक्षण देणारे धर्मोपदेशक जेम्स लॉसन यांच्या कार्यशाळेत काही जण गुंडांची भूमिका घ्यायचे: शिव्या, तोंडावर सिगारेटचा धूर, खुर्चीवरून खाली खेचणं. जो चिडेल, त्याला काउंटरवर पाठवायचं नाही. (लॉसन त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, गांधींचा अभ्यास त्यांनी तिथेही केला.)

१३ फेब्रुवारी १९६० पासून काउंटरवर प्रत्यक्ष ठिय्या सुरू. नियम लेखी होते: ताठ बसा, तोंड काउंटरकडे, उलट मारू नका. २७ तारखेला मारहाण झाली, पोलिसांनी अटक मात्र मार खाणाऱ्यांनाच केली. पण एक तुकडी उचलली की दुसरी त्याच स्टुलांवर हजर! पुढे अनेकांनी दंड न भरता तुरुंग पत्करला. तरी दुकानदार खरे नमले ते ईस्टरच्या खरेदीवरच्या बहिष्काराने. १० मे रोजी काउंटर कृष्णवर्णीयांनाही खुले झाले.