आधी स्टेशनं बघ, मग शहरं

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कृष्णाकाठच्या गावांवर लिहायचं मनावर घेतलंस, फार आनंद झाला. आराखडा दोनदा वाचला. त्यात सातारा, कऱ्हाड, सांगली आधी, आणि रेल्वे अगदी शेवटी 'दळणवळण' या मथळ्याखाली दोन पानांत उरकलेली. हा क्रम उलटा कर, असं मी आग्रहाने सांगतो.

पुण्याहून मिरजेला जाणारी लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने टाकली, मीटरगेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली. ती शहरांच्या दारात आलीच नाही. साताऱ्याचं स्टेशन माहुलीच्या अंगाला, कऱ्हाडचं ओगलेवाडीत. वाई-महाबळेश्वरला जाणारे वाठारला उतरायचे. इस्लामपूरकरांनी गाडी धरायची तर ताकारी गाठायची. शहर आणि स्टेशन यांच्यामधल्या या चार-सहा मैलांत काय काय उभं राहिलं, ते आधी शोध. त्या रस्त्याने पायी जा. मालधक्क्यावर कुठला माल उतरायचा, तो गावात कोण न्यायचं, रात्रीच्या गाडीचे उतारू कुठे पाठ टेकायचे, हे जुन्या हमालांच्या घरी बसून विचार. ही माणसं आता थोडी उरलीत, म्हणून हे काम पुढे ढकलू नकोस.

शहरं रेल्वेपासून लांब राहिली, पण रेल्वेपाशी नवी गावं वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना हलवला. जागा औंध संस्थानची, राजेसाहेबांनी दिलेली. पुढे स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. ओगलेवाडीतला ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६चा. भट्टीच्या कारखान्याला कोळसा लागतो, लाइनीजवळ असण्याचा फायदा तिथेच कळतो. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घरोघरी पोचला. भिलवडीला १९३९ साली चितळ्यांची डेअरी सुरू झाली, तीही याच लाइनीवर. ही तीन नावं एका ओळीत मांडून मोकळा होऊ नकोस. प्रत्येक ठिकाणी जा आणि स्टेशन ते कारखान्याचं फाटक हे अंतर स्वतः चालून बघ.

शेणोलीला मात्र मुद्दाम थांब. ७ जून १९४३ रोजी जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेच्या तरुणांनी तिथे रेल्वेची पगाराची गाडी अडवून रक्कम प्रतिसरकारच्या कामासाठी नेली. प्रतिसरकार म्हणजे नाना पाटलांनी ब्रिटिशांविरुद्ध साताऱ्याकडे चालवलेलं समांतर सरकार, आणि तुफान सेना हे त्याचं लढाऊ दल. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग शौर्याचा म्हणून येतो आणि तो तसा आहेच. तू त्याच्या जोडीला भूगोलही बघ. सरकारची रोकड लाइनीवरून फिरत होती, आणि लाइनीच्या दोन्ही बाजूंची रानं, ओढे, पाणंदी या पोरांच्या पायाखालच्या होत्या.

१९७१ साली पुणे-मिरज ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचं झालं. मिरजेत तर एके काळी तिन्ही गेज होते, बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेची छोटी गाडीही तिथे यायची. गेज बदलाचं प्रकरण मात्र लांबवू नकोस, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रस्त्यांवर लिहिताना नाक्यांना धर. आज पेठ नाक्याचं काम जवळपास जुन्या स्टेशनासारखंच आहे. हायवेवर उतरायचं आणि तिथून इस्लामपूर, सांगलीकडची एसटी नाहीतर वडाप, म्हणजे खाजगी जीप धरायची. वडापची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून थांबलेली माणसं बोलतात. कॉलेजला निघालेल्या मुली, दवाखान्याला आलेली म्हातारी, भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई. वही मिटून नुसतं ऐक. कुठल्या गावाला किती वाजल्यानंतर काहीच मिळत नाही, हे तिथे कळेल. ही माहिती नकाशात नसते, आणि माझ्या मते तुझ्या पुस्तकाचा गाभा तोच आहे. मुलीचं शिक्षण कुठल्या वर्गात थांबतं, याचा शेवटच्या एसटीशी थेट संबंध असतो.

पुराचं प्रकरण तुझ्याकडे नाहीच. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी कुठला रस्ता आधी बुडतो, कुठलं गाव किती दिवस तुटतं, याची यादी काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत विचार. बांधकाम खात्यातल्या इंजिनिअरांनाही भेट, त्यांना पुलांच्या उंचीबद्दल खरंच कळकळ असते.

सुरुवात ताकारीपासून कर. सकाळच्या पॅसेंजरने जा आणि पहिलं प्रकरण तिथेच लिहायला घे. कच्चं असलं तरी पाठव, मी लगेच वाचून कळवतो.

तुझा,
काका